सक्तीचा इतिहास

माध्यमिक शाळेंत स्वदेशाचा इतिहास सक्तीचा असावा कीं ऐच्छिक, हा प्रश्न आपल्याकडे दर पांचदहा वर्षांनीं निघतो. अभ्यासक्रम बदलला, एखादें प्रकरण गळलें किंवा नवें शिरलें, कीं वर्तमानपत्रांतून पंधरा दिवस वाद चालतो, आणि परीक्षा जवळ आल्या म्हणजे तो आपोआप शमतो. एक पक्ष म्हणतो, ज्या मुलाला पूर्वजांचा पराक्रम ठाऊक नाहीं तें देशावर प्रेम कसें करील? दुसरा विचारतो, प्रेम का कधीं वेळापत्रकांत बसवून शिकवितां येतें? दोन्ही पक्षांत माझे स्नेही आहेत, आणि त्यांचें भांडण ऐकतांना मला नेहमीं असें वाटत आलें आहे कीं, एका गोष्टीवर त्यांचें पूर्ण एकमत आहे व नेमकी तीच गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. शाळेंतला इतिहास देशप्रेम उत्पन्न करण्यासाठीं असतो, हें दोघेही धरून चालतात. वाद आहे तो इतकाच कीं, तें औषध बळेंच पाजावें कीं नाहीं.

मी स्वतः सक्तीच्या बाजूचा आहें, हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे पुढें जें म्हणावयाचें आहे त्याविषयीं गैरसमज राहणार नाहीं. शाळा सोडल्यावर त्रिकोणमिति विसरलेला मनुष्य तिच्यावांचून सुखानें संसार करतो; तिची उणीव त्याला भासत नाहीं आणि शेजाऱ्यालाही तिचा उपद्रव होत नाहीं. इतिहासाचें तसें नाहीं. शाळेंत इतिहास न शिकलेला मनुष्य इतिहासावांचून राहत नाहीं. त्याला तो दुसरीकडून मिळतो. चौकांतला फलक, निवडणुकीतलें व्याख्यान, तीन तासांचा चित्रपट, आणि आतां सकाळच्या चहाच्या आधींच मोबाईलवर येऊन पडणारा मजकूर, हे सर्व त्याचे गुरु होतात. तेव्हां इतिहास शिकवावा कीं शिकवूं नये, असा प्रश्न आपल्यापुढें नाहींच. तो कोणी आणि कसा शिकवावा, एवढाच आहे. इंग्लंडांत १९८८ च्या शिक्षणविषयक कायद्यानें राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, तेव्हां इतिहास सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचा करण्याचा बेत होता. तो मागें पडला आणि चौदाव्या वर्षापुढें तेथें हा विषय ऐच्छिकच राहिला. त्या लोकांनीं आपल्यापुरतें ठरविलें. महाराष्ट्रांत आज दहावीपर्यंत इतिहास सक्तीचा आहे, आणि तो तसा असण्यांत मला गैर वाटत नाहीं.

परंतु सक्ती म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतों. सक्ती हा राज्यसत्तेचा हात आहे. ज्या सत्तेला प्रौढ नागरिकाकडून कर घेतांना कायद्याचा आधार दाखवावा लागतो, ती सत्ता चौदा वर्षांच्या मुलाला सांगते कीं, हें वाच, हें लिही, आणि असेंच लिहिलेंस तर वरच्या वर्गांत जाशील. पाढ्यांच्या बाबतींत यांत धोका नाहीं. सात पंचे पस्तीस हें कोणत्याही मंत्रिमंडळाच्या मर्जीवर अवलंबून नाहीं. इतिहासाच्या बाबतींत मात्र सक्ती करणारा हा त्या विषयांतला एक पक्षकारच असतो. राज्य कसें आलें, कोणी कोणास जिंकलें, कोणाचा हक्क खरा, हें सांगण्यांत सत्तेचा स्वार्थ गुंतलेला असतो, आणि तो तसा गुंतलेला असण्यासाठीं सत्ता दुष्ट असावी लागत नाहीं. आगरकरांच्या पिढीनें ज्याचे ग्रंथ उशाशीं घेतले त्या मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत या अडचणीवर एक तोड सुचविली आहे. मुलांना शिकविण्याची सक्ती सरकारनें खुशाल करावी, पण वादग्रस्त विषयांच्या परीक्षेंत अमुक मत खरें कीं खोटें हें विचारूं नये. अमुक मत अमुक ग्रंथकारांनीं अमुक कारणांसाठीं धरलें आहे, एवढेंच विद्यार्थ्याला ठाऊक आहे कीं नाहीं तें पाहावें, असें त्याचें म्हणणें. मी बी. ए. च्या वर्गांत असतांना हा भाग वाचला, त्यावर टिपण काढलें, आणि पुढें स्वतः परीक्षक झाल्यावर तो साफ विसरलों.

ती हकीकत येथें सांगणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका सार्वजनिक परीक्षेच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका मजकडे तपासावयास आल्या होत्या. पानिपतच्या पराभवाचीं कारणें द्या, असा पांच गुणांचा प्रश्न होता. सोबतच्या नमुना उत्तरांत पांच कारणें होतीं आणि प्रत्येकास एक गुण. उन्हाळ्याचे दिवस, समोर गठ्ठे, आणि गठ्ठा परत करण्याची तारीख ठरलेली. बोट कारणांवरून फिरत असे आणि पेन्सिल गुण मांडीत असे. एका विद्यार्थ्यानें मात्र पांच कारणें दिलीं नव्हतीं. त्यानें लिहिलें होतें कीं, मराठ्यांनीं गनिमी कावा सोडला म्हणून ते हरले असें पुस्तक म्हणतें, आणि तोफखाना व कवायती पायदळ यांची नवी पद्धति त्यांना पुरती साधली नाहीं म्हणून हरले, असेंही म्हणतें. पहिलें कारण खरें तर जुनी रीत सोडावयास नको होती. दुसरें खरें तर नवी आणखी पक्की करावयास हवी होती. बरोबर बायकामुलें, यात्रेकरू आणि बाजारबुणगे असतांना त्या दिवशीं यांपैकीं कोणती रीत चालली असती, तें पुस्तकांत नाहीं. मला तें ठरवितां आलें नाहीं. एवढें लिहून त्यानें प्रश्न संपविला होता. होळकरांचा सल्ला आणि इब्राहिमखान गारद्याचा आग्रह यांच्यामध्यें सापडलेल्या सदाशिवरावभाऊंचा खरा पेंच त्या मुलानें दहा ओळींत पकडला होता. मीं नमुना उत्तराशीं ताडून पाहिलें, दोन कारणें अर्धींमुर्धीं सांपडलीं, त्यांचे गुण दिले आणि पुढची पुरवणी उचलली.

त्या मुलाची शंका ज्या परंपरेंतली होती ती परंपरा आपल्याकडे कशी जन्मली, हें पाहिलें म्हणजे सक्तीच्या वादांतल्या दोन्ही पक्षांची पंचाईत होते. जेम्स ग्रांट डफ हा कंपनीच्या फौजेंतला कप्तान. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर त्याची नेमणूक साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारीं झाली. तेथें आणि अन्यत्र मिळालेल्या कागदांवरून त्यानें मराठ्यांचा तीन भागांचा इतिहास रचून १८२६ सालीं प्रसिद्ध केला. कॅप्टन केपन आणि बाबा साने यांनीं केलेलें त्याचें भाषांतर १८३० च्या सुमारास मराठींत आलें, आणि पुढें दोन पिढ्यांना आपल्या पूर्वजांची ओळख झाली ती मुख्यतः या पुस्तकांतून. जेत्यानें लिहिलेला जितांचा इतिहास, आणि तो जितांच्या मुलांनीं जेत्याच्या शाळेंत वाचावयाचा! सक्तीच्या शिक्षणानें मन मरतें हें खरें असतें, तर ही पिढी मेलीच पाहिजे होती. आणि सक्तीच्या इतिहासानें विद्यार्थ्याची निष्ठा घडवितां येते हें खरें असतें, तर ती इंग्रजांची भाट व्हावयास हवी होती. यांपैकीं कांहींच झालें नाहीं. नीळकंठ जनार्दन कीर्तने नांवाच्या पंचविशीच्या आंतल्या एका तरुणानें डफच्या इतिहासावर टीका लिहिली, पुण्यांतल्या तरुणांच्या सभेंत ती वाचली, आणि १८६८ च्या सुमारास ती ‘विविधज्ञानविस्तारां’त छापून निघाली. आपल्याकडे इतिहाससंशोधनाची सुरवात पुष्कळ जण येथूनच धरतात, आणि मला तें योग्य वाटतें.

त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८६९ सालीं, जोतीराव फुल्यांनीं शिवाजीमहाराजांचा पवाडा रचला आणि तेंच चरित्र शेतकऱ्याच्या बाजूनें मांडलें. याचें महत्त्व आपण पुरतें ओळखलें आहे असें मला वाटत नाहीं. कीर्तन्यांचा संशय परक्या ग्रंथकारावर होता. फुल्यांचा संशय आपल्यांतल्याच कथेकऱ्यांवर होता. नंतर तीस वर्षांनीं, १८९८ सालीं, राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि तो निघाला पानिपतच्या आधींच्या दहा वर्षांच्या पत्रांचा. त्या खंडांमागें किती वाडे, किती दफ्तरें आणि किती माळ्यांवरचीं रुमालें होतीं, हें त्यांच्या प्रस्तावना वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें याच ओढीनें. कोणी म्हणेल कीं, ही सारी खटपट दुखावलेल्या अभिमानाची होती. होतीच! पण त्या अभिमानाला नुसत्या अभिमानानें समाधान होत नव्हतें, ही त्यांतली मौज आहे. डफ खोटा ठरावा अशी इच्छा मनांत धरून ही मंडळी कागद शोधावयास निघालीं, आणि जेथें कागदांनीं डफच खरा ठरविला, तेथें त्यांना तेंही छापावें लागलें.

आतां माझा मुद्दा सांगतों. डफच्या पुस्तकावर शंका घेणें त्या पिढीला साधलें, कारण तें पुस्तक परक्याचें होतें. विद्यार्थी तें पाठ करीत होता, पण त्याच्या मनाचा एक कोपरा सतत म्हणत असे कीं, हें सांगणारा कोण, त्यानें कोणते कागद पाहिले, कोणते वगळले? इतिहास शिकणें म्हणजे हा कोपरा जागा होणें. बाकीचें सारें सनावळीचें पाठांतर. १९४७ नंतर पुस्तक आपलें झालें, समिति आपली, मंत्री आपले, आणि तो कोपरा झोपीं गेला. आपल्याच माणसानें लिहिलेल्या पुस्तकावर शंका घेणें म्हणजे घरच्या वडिलांची साक्ष काढण्यासारखें वाटूं लागलें. परवशतेंत जी बुद्धि देशभक्तीची समजली जात होती, तीच स्वातंत्र्यांत देशद्रोहाची ठरूं लागावी, यासारखी उलटी गोष्ट दुसरी नाहीं.

एक उदाहरण घेतों. आपल्या मुलांना शिवकालीन घोडदळांतले दोन प्रकार शिकवितात: स्वतःचा घोडा व हत्यारें बाळगणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. फरक स्पष्ट करा, गुण दोन. हाच बारगीर शब्द बंगालमध्यें ‘बर्गी’ होऊन राहिला आहे, आणि तेथें तो परीक्षेच्या पुस्तकांत नसून पाळण्याच्या गाण्यांत आहे. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वरचेवर चालून गेल्या. आमच्या पुस्तकांत ती चौथाईची मोहीम असते: सेनापति भास्करपंत कोल्हटकर, अलीवर्दीखानानें १७४४ सालीं मानकऱ्यास भेटीला बोलावून त्यांचा केलेला घात, आणि शेवटीं १७५१ च्या तहानें मिळालेली बारा लाखांची चौथाई. घाताबद्दल संताप आणि तहाबद्दल समाधान, असा आमचा पाठ संपतो. परंतु गंगाराम नांवाच्या एका बंगाली कवीनें त्याच सुमारास या स्वाऱ्यांवर काव्य रचलें आहे, आणि त्याचें नांवच ‘महाराष्ट्रपुराण’. त्यांत जळालेलीं गांवें आहेत, डोक्यावर गांठोडीं घेऊन पळणारे लोक आहेत. नबाबाच्या राज्यांत पाप माजलें म्हणून देवानेंच मराठ्यांना धाडलें, अशी कवीची आरंभींची समजूत आहे, म्हणजे तो आपला वैरी नव्हता. पण त्या फौजेनें ब्राह्मण आणि स्त्रिया यांनाही सोडलें नाहीं, तेव्हां देवीची कृपा फिरली, असें तो पुढें सांगतो.

आतां ‘राष्ट्राचा’ इतिहास म्हणजे कोणता? नागपूरचें मूल आणि वर्धमानचें मूल हीं आज एकाच राष्ट्राचीं मुलें आहेत. एकाला त्या बारगिराचा घोडा दिसतो, दुसऱ्याला त्यानें उडविलेली धूळ. राष्ट्राचा इतिहास सक्तीचा करावयाचा, तर दोघांनाही दोन्ही दिसलीं पाहिजेत, एरवीं त्याला राष्ट्रीय म्हणण्याचें कारण मला दिसत नाहीं. तो प्रांताचा, जातीचा किंवा घराण्याचा इतिहास होईल, आणि घराण्याचा इतिहास दुसऱ्यांच्या मुलांवर लादण्याचा हक्क कोणालाही नाहीं. १७९१ सालीं परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनीं शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्याच्या पुनःप्रतिष्ठेसाठीं मदत धाडली ती टिपूनें. मठांतलीं पत्रें यास साक्षी आहेत. याच टिपूनें कुर्ग आणि मलबार या प्रांतीं काय केलें, तेंही कागदांत आहे. या गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे शिक्षकाची अडचण होते, हें मी जाणतों. अडचण होते म्हणूनच त्या वाचावयाच्या.

कोवळ्या मनावर असला भार टाकूं नये, असा आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. आठनऊ वर्षांच्या मुलाला गोष्टच सांगावी. चौथीच्या वर्गाला शिवचरित्राचें पुस्तक १९७० सालीं लागलें; माझी पिढी त्यावर वाढली, आणि त्यांतलीं चित्रें आजही डोळ्यांपुढें आहेत. त्या पुस्तकाबद्दल माझ्या मनांत कृतज्ञतेवांचून दुसरें कांहीं नाहीं. पण आपण येथें माध्यमिक शाळेविषयीं बोलत आहों. चौदाव्या वर्षीं मुलाला आपल्या वडिलांचे दोष दिसूं लागलेले असतात. तें त्यांच्याशीं हुज्जत घालतें, दार आपटतें, आणि रात्रीं त्यांच्याच पंक्तीला जेवावयास बसतें. घरांत जें त्याला पेलतें तें वर्गांत पेलणार नाहीं, असें मानण्यास मला आधार दिसत नाहीं. मला तर वाटतें, कोवळें मन आपलें स्वतःचें असतें, आणि भार सोसत नाहीं तो आपल्यालाच.

पुस्तकें सुधारलीं नाहींत असेंही नाहीं. २०१८ सालीं दहावीला आलेल्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाचा आरंभच इतिहासलेखनाच्या परंपरेनें होतो: व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको यांचीं नांवें मराठी शाळेंतल्या मुलापुढें आलीं, साधनांची चिकित्सा हा शब्द आला. मीं तें पुस्तक हातीं घेतलें तेव्हां मला मनापासून आनंद झाला. मग पाठाखालचे प्रश्न पाहिले. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, चार नांवांतून योग्य तें निवडा! शंका घ्यावयास शिकविणाऱ्या माणसाचें नांव शंका न घेतां पाठ करावयाचें, आणि एक गुण मिळवावयाचा. यांत पुस्तक करणाऱ्यांचा दोष फारसा नाहीं. लाखों उत्तरपत्रिका थोड्या आठवड्यांत तपासावयाच्या, तर नमुना उत्तर हवें. नमुना उत्तर आलें कीं प्रश्न त्याच्या मापाचा होतो, आणि प्रश्न जसा होतो तसाच वर्गांत इतिहास होतो. उलट्या टोंकाकडून शिवलेला हा अंगरखा आहे.

याचें फळ काय, तें विचारूं नये असें वाटतें, पण विचारलें पाहिजे. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. एका परदेशी ग्रंथकारानें शिवाजीमहाराजांवरील आपल्या पुस्तकांत संस्थेचे आभार मानले होते, एवढें निमित्त. पुस्तकांतला मजकूर संतापजनक होता, याविषयीं वाद नाहीं. पण हातीं लागलें तें काय? ग्रंथ, जुन्या पोथ्या, चित्रें, कपाटें. ते तरुण बहुतेक आपल्याच शाळांतून शिकलेले असावेत, म्हणजे महाराजांचें चरित्र त्यांनीं सक्तीनें आणि आवडीनेंही वाचलेलें असणार. प्रेम त्यांच्याजवळ पुष्कळ होतें. आपण ज्या पोथ्या फाडतों आहों त्यांच्याच जातीच्या कागदांनीं डफला उत्तर दिलें होतें, हें मात्र त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. आणि सांगावयाचें होतें तें आम्हीं शिक्षकांनीं.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, सक्ती करावयाची तर ती दोन्ही बाजूंनीं असावी. मुलानें वाचलेंच पाहिजे असें सरकार म्हणतें, तर सरकारनेंही कांहीं केलेंच पाहिजे. प्रत्येक मोठ्या घटनेजवळ निदान एक मूळ कागद, पत्र, बखरीचा उतारा किंवा परक्याचा वृत्तांत, पुस्तकांत जसाच्या तसा छापावा. आणि प्रश्नपत्रिकेंत एक तरी प्रश्न असा असावा कीं, त्यांत दोन परस्परविरोधी साक्षी दिलेल्या आहेत आणि विद्यार्थ्यानें आपला निर्णय कारणांसह लिहावयाचा आहे. त्याला नमुना उत्तर नसेल. परीक्षकांत एकवाक्यता राहणार नाहीं, एकाला चार गुण मिळतील तेथें दुसऱ्याला दोन मिळतील, पालक तक्रार करतील. हा तोटा खरा आहे आणि तो सोसावा असें माझें मत आहे. अगदींच नसेल सोसवत, तर त्या प्रश्नाला गुण देऊं नयेत, पण तो विचारावा.

आणि सरकार या बंधनास कबूल नसेल तर? माझे सक्तीवादी स्नेही येथें माझ्यावर रागावतात. अशा वेळीं सक्ती सोडून द्यावी, असें मी म्हणतों, आणि जड मनानें म्हणतों. मग मुलें चौकांतून आणि चित्रपटांतून इतिहास शिकतील, हा माझाच आरंभींचा आक्षेप माझ्यावर उलटतो, हें मला दिसतें. पण चित्रपटावर विश्वास ठेवला नाहीं म्हणून कोणाचा गुण जात नाहीं. चौकांतल्या वक्त्याला मूल घरीं येऊन हंसूं शकतें. शाळेच्या पुस्तकावर राज्याची मुद्रा असते आणि त्याच्या मागें परीक्षा उभी असते. तें जर एकच साक्ष ऐकवून दुसरीचें तोंड बंद करीत असेल, तर चौकापेक्षां शाळेनेंच अधिक नुकसान केलें असें होईल.

त्या उन्हाळ्यांतली ती उत्तरपत्रिका मला नंतर पुष्कळदां आठवली. तिच्यावर नांव नव्हतें, नुसता आसनक्रमांक होता, आणि तोही मीं लिहून ठेवला नाहीं. मुलगा होता कीं मुलगी, हेंही मला वस्तुतः ठाऊक नाहीं. अक्षर गोल, डावीकडे किंचित् कललेलें. पांचांपैकीं मीं दीड गुण दिला होता.